शॅम्पेनची तीच ती चव

एका जुन्या फ्रेंच शॅम्पेनच्या घराण्याची पुस्तिका काही दिवसांपूर्वी माझ्या हाती आली. गुळगुळीत कागद, कडेने सोनेरी रेघ आणि आत पानोपानी मेलेली माणसं. मूळ पुरुष लोकरीचा व्यापारी. तो गेल्यावर त्याच्या विधवेने धंदा सांभाळला. मग तिचा जावई, मग जावयाचा मुलगा, मग त्याचा मुलगा. दर पिढीत मिशीचा आकार बदलला, पण दारू तीच राहिली, असं एकूण सार. मी फ्रेंचची बाई, उभा जन्म पुण्यात मुलांना शिकवण्यात घालवला आहे. त्यामुळे ती पुस्तिका वाचायला मला शब्दकोश लागला नाही, फक्त संयम लागला.

तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, ती म्हणजे घराण्याची शैली. द्राक्षं दरवर्षी सारखी पिकत नाहीत. एखाद्या वर्षी ऊन जास्त, एखाद्या वर्षी गारपीट. पण बाटलीतली चव मात्र बदलता कामा नये. म्हणून गावोगावच्या द्राक्षांची वाइन एकमेकींत मिसळायची, तळघरात राखून ठेवलेली जुन्या वर्षांची वाइन त्यात ओतायची, आणि चार गंभीर माणसांनी टेबलाभोवती बसून पणजोबांच्या वेळची चव येईपर्यंत चाखत राहायचं. याला ते वारसा म्हणतात. आमच्याकडे बाया सगळा संसारभर त्याच चवीची आमटी करतात, आणि त्यांना काय ऐकायला मिळतं? "आज पुन्हा तेच?"

हे सगळं मी हौसेने वाचलं नाही. माझ्या धाकट्या भावासाठी वाचलं.

तो माझ्याहून बराच लहान. लहानपणी आम्ही बुधवार पेठेत एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत राहायचो. खाली एका अंगाला पुस्तकांची दुकानं, दुसऱ्या अंगाला रेडिओ दुरुस्तीची. इकडून शाई आणि डिंक, तिकडून वितळलेलं कथील. मला रस्त्यावर फक्त गर्दी कळायची. याला डोळे मिटून हाताला धरून नेलं तरी आपण कोणत्या दुकानासमोर आहोत हे तो सांगायचा. दूध नासायच्या बेतात आहे का, हे आई त्याला विचारायची. जिन्यात पाऊल टाकलं की कोणाकडे काय शिजतंय हे तो मजल्यागणिक सांगत वर यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, याच्यापासून काही लपवायची सोय नाही.

पुढे त्याने हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि मग वाइनचं शिक्षण घेतलं. नातेवाइकांत कुजबुज झाली. आमच्या घरात खोकल्याच्या औषधात अल्कोहोल आहे का, हे वाचून बाटली घेत असत. आई चारचौघांत सांगायची, "तो हॉटेलात मोठ्या हुद्द्यावर आहे," आणि विषय लोणच्यावर न्यायची. मलाही त्याचा धंदा कधी आवडला नाही. परदेशी वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीत तो लागला आणि पैसेवाल्या पुणेकरांना प्यायचं कसं हे शिकवू लागला. ग्लास देठाला धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग काहीतरी बोलायचं. ही शेवटची पायरी आपल्या लोकांना फार जमते. ज्यांना आयुष्यात तूरडाळ आणि हरभराडाळ वेगळी ओळखता आली नाही, त्यांना "मला यात पांढऱ्या फुलांचा भास होतोय" असं म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. कोणती पांढरी फुलं, असं विचारलं की ते वाटीतले काजू उचलतात.

पण भावाचं नाक खरं होतं. ते मी कधी नाकारलं नाही.

मग करोनाची ती साथ आली. सगळ्या घरात झाली तशी त्यालाही झाली. ताप गेला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. इतरांचा महिन्या-दोन महिन्यांत आला. याने वर्ष वाट पाहिली, मग आणखी एक, मग वर्षं मोजायचं सोडून दिलं. एकदा शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं आणि हा शेजारीच उभा राहून फोनवर बोलत होता. बायको आंघोळ अर्धी टाकून धावत आली म्हणून निभावलं. तेव्हापासून ती त्याला स्वयंपाकघरात एकटा सोडत नाही. जिभेला आंबट, गोड, खारट एवढं कळतं. बाकी सगळं पाणी.

कंपनीत त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं? दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवीन काही येणारही नव्हतं.

मग त्याने कामं निभावली कशी? त्या घराण्याच्या कृपेने. त्याच्या कंपनीचा मोठा माल त्याच घराण्याचा होता, आणि त्या घराण्याची चव कधी बदलतच नाही, हाच तर त्यांचा बाणा. आधी हिरवं सफरचंद, मग लिंबाची साल, मग भाजलेला पाव, आणि शेवटी खडू. (खडूची चव मला कोणी सांगायला नको, मी तो जन्मभर श्वासाबरोबर खाल्ला आहे.) नाक शाबूत असताना त्याने हे शेकडो वेळा अनुभवलं होतं. आता ते नुसतं म्हणून दाखवायचं होतं. तो रिकाम्या नाकाने ग्लास हुंगायचा, क्षणभर थांबायचा, आणि रामरक्षा म्हणावी तसं सफरचंदापासून खडूपर्यंत म्हणायचा. समोरचे माना डोलवायचे. कोणालाही शंका आली नाही. मला तेव्हा कळलं की जी चव कधीच बदलत नाही, तिला जाणकाराची गरजच नसते. पुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं.

पण मागच्या हिवाळ्यात पेच आला. त्या घराण्याला पुण्यासाठी स्वतःचा माणूस नेमायचा होता. कंपनीने भावाचं नाव पुढे केलं. माणूस पारखायला फ्रान्सहून घराण्याचा प्रतिनिधी येणार होता, आणि एका रविवारी दुपारी धायरीत एका बड्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर, चाळीसेक पाहुण्यांसमोर, भावाने ती शॅम्पेन सादर करायची होती.

त्या आठवड्यात तो विश्रांतवाडीला माझ्या घरी आला. चहा घेतला नाही.

"ताई, एक अडचण आहे," म्हणाला.

अडचण बुचाची होती. या बाटल्यांची बुचं झाडाच्या सालीची. एखाद्या बुचाला कधी बुरशी लागलेली असते आणि मग आतली सगळी वाइन कुबट होते. कोणाचा दोष नाही, नशिबाचा भाग. पूर्वी असली बाटली तो हातभर लांबूनच ओळखायचा आणि कोणाला कळायच्या आत बाजूला करायचा. आता ती त्याच्या नाकाखालून गेली असती तरी त्याने "हिरवं सफरचंद" म्हटलं असतं. फ्रेंच माणसासमोर असं झालं असतं तर नवी नेमणूक तर गेलीच असती, हातातली नोकरीही गेली असती. शिवाय ही गोष्ट त्यांच्या धंद्यात सगळीकडे पसरली असती.

"तू दुभाषी म्हणून ये," तो म्हणाला. "कंपनीला तसाही दुभाषी हवाच आहे. बाटली उघडली की तू हुंग. खराब असेल तर चष्मा काढ. बाकी मी बघतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"घाण कळते ना?"

"घाण चांगली कळते," मी म्हणाले. आणि हो म्हणून बसले.

विश्रांतवाडी ते धायरी म्हणजे सगळं पुणं आडवं ओलांडायचं. रविवार असूनही सिंहगड रस्त्याने आपला कोंडीचा धर्म सोडला नाही. भाऊ गाडीत ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. सफरचंद, साल, पाव, खडू. मी खिडकीबाहेर बघत होते. तो सारखा रुमाल शोधत होता. तेव्हा मला त्याची कीव आली, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांचा संताप आला.

बंगल्याचे मालक धायरीचेच मूळ शेतकरी. शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही यांनीच बांधल्या. मोठा देह, पांढरा सदरा, बोलण्यात आडपडदा नाही. दारातच म्हणाले, "या ताई, या. एक सांगून ठिवतो. बाटली घरात न्यायची न्हाई. आत आईचं देवघर हाय. जे काय हाय ते हिरवळीवर." त्यामुळे सगळा थाट बाहेर मांडला होता. जुन्या गोठ्याची खोली रंगवून तिथे बर्फ आणि बाटल्या ठेवल्या होत्या. माझी नेमणूक तिथेच. पोऱ्यांनी बाटली उघडायची, एक घोट ग्लासात ओतून माझ्याकडे द्यायचा, मी हुंगायचं आणि मान हलवायची. "मॅडमना आधी दाखवायची पद्धत आहे," असं भावाने ठणकावून सांगितलं होतं. कोणी विचारलं नाही की कुठली पद्धत. मोठ्या ठिकाणी पद्धत म्हटलं की लोक गप्प बसतात.

सगळ्या बाटल्या चांगल्या निघाल्या. खरं सांगायचं तर वास वाईट नव्हता. पण ज्या गोष्टीसाठी माझ्या भावाची झोप उडाली ती हीच का, असं वाटून माझं तोंड कडू झालं.

मी बाहेर आले तेव्हा सत्कार चालू होता. आपल्या शहरात सत्कार टाळून कोणाला पाणीसुद्धा पिता येत नाही. फ्रेंच पाहुणा किडकिडीत, उंच, चेहऱ्यावर इस्त्री केलेलं हसू. त्याला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. दुसऱ्या हातात शॅम्पेनचा ग्लास होताच. मग तो नारळ कुठे ठेवायचा हे न कळून त्याने तो पोटाशी धरला आणि तसाच वारशावर बोलायला उभा राहिला. लोकरीचा व्यापारी, विधवा, जावई, खडूच्या दगडात खोदलेली तळघरं. त्याच्या दहा वाक्यांची मी तीन केली. कोणाचं काही अडलं नाही.

पहिल्या रांगेत कंपनीचे मुंबईचे साहेब बसले होते. त्यांचं मराठी जेमतेम, इंग्रजी भरपूर, आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्या तोंडून "हेरिटेज" हा शब्द पडत होता. त्यांच्याशेजारी पेठेतले एक निवृत्त गृहस्थ होते. कोणत्याही समारंभात असा एक गृहस्थ असतोच. ते मागे वळून सगळ्यांना समजावत होते, "अहो, हे आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखं. गळा बदलतो, गायकी बदलत नाही." लोक म्हणाले, वा. त्या गृहस्थांनी ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले आणि गायकीचा निकाल लावला. बाजूच्या टेबलावर सुकं मटण, चकली आणि खारे शेंगदाणे होते, आणि पाहुण्यांचं खरं लक्ष तिकडे होतं.

मग भावाची पाळी आली. तो उभा राहिला. आणि काय सुंदर बोलला! ग्लास उन्हात धरून बुडबुडे दाखवले, नाक घातलं, थांबला, आणि म्हणाला, "आधी हिरवं सफरचंद." मी त्याच्या मराठीचं फ्रेंच करत होते. फ्रेंच पाहुणा मान डोलावत होता. मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात मालक उठले. घराण्याने त्यांच्यासाठी खास भेट पाठवली होती. चार बाटल्यांएवढी एक मोठी बाटली, जुन्या वर्षाची. ती मालकांनी आईला दारातूनच दाखवून आणली होती आणि बाटलीला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं. "ही मी हितंच उघडणार," मालक म्हणाले. "सगळ्यांसमोर." भाऊ म्हणाला, "आधी गोठ्याच्या खोलीत नेऊन जरा गार करतो." मालक म्हणाले, "गारच हाय की सर." आणि बूच उडालं. टाळ्या झाल्या. वेटरांनी ती तिथल्या तिथे ग्लासांत ओतली आणि दुभाषी म्हणून एक ग्लास माझ्याही हातात आला.

नाकाशी नेण्याचीही गरज पडली नाही. कुबट वास होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी चष्मा काढला.

भाऊ तेव्हा साहेबांशी बोलत होता. त्याने बघितलं नाही.

मालकांनी आपल्या रीतीप्रमाणे ग्लासात बोट बुडवून दोन थेंब मातीवर शिंपडले आणि मग घोट घेतला. जरासे थांबले. मग म्हणाले, "लई जुनी हाय. जुन्याची चव न्यारीच असती." झालं. मालकांनी म्हटल्यावर कोणाची बिशाद? चाळीस माणसांनी बुरशी प्यायली आणि चाळीस माणसांना ती आवडली. गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "ही बघा तळघराची खोली. ही खरी गायकी." साहेब म्हणाले, "प्युअर हेरिटेज." एक बाई म्हणाल्या की त्यांना यात त्यांच्या माहेरचा जुना लाकडी पेटारा आठवला. त्या बाईंचं मात्र बरोबर होतं, पण त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं. मी हातात चष्मा धरून उभी होते आणि मला समोरचं सगळं जग धूसर दिसत होतं, हे त्या दुपारी बरंच झालं.

फ्रेंच पाहुण्याने ग्लास नाकाशी नेला. त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. पण त्याने घोट घेतला नाही, हे मी जवळ उभी असल्यामुळे बघितलं. मग तो माझ्याकडे वळला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "तुमच्या तज्ज्ञांना विचारा, या बाटलीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे."

परीक्षा ती हीच. आधीचं भाषण नव्हे.

मी भावाला हाक मारली. सगळ्यांना मराठी कळत होतं, त्यामुळे जास्त काही बोलायची सोय नव्हती. "पाहुणे विचारतायत, ही बाटली कशी आहे," एवढंच म्हणाले आणि चष्मा हातात ठळक धरला. त्याने माझ्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं, हातातल्या चष्म्याकडे बघितलं. त्याला कळलं. मला शंभर टक्के दिसलं की त्याला कळलं.

त्याने ग्लास उचलला आणि नाक आत घातलं. आणि तसाच राहिला.

तो डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, ग्लासात तोंड घालून उभा होता. एकदा वर आला, श्वास सोडला, पुन्हा आत गेला. मला वाटलं, आता सांगेल. आता म्हणेल, मंडळी, ही बाटली बिघडलेली आहे, ग्लास खाली ठेवा. एवढंच तर सांगायचं होतं. नेमणूक पक्की झाली असती आणि चाळीस माणसांच्या घशाखालची बुरशी थांबली असती. पण त्याने मान वर केली, चेहरा पांढरा पडलेला, आणि म्हणाला, "घ्या, गार असेपर्यंत घ्या." बस्स. ना वाखाणलं, ना नाव ठेवलं. लोकांनी घेतली.

मी ते भाषांतर करून सांगितलं. पाहुणा हसला. या वेळी त्या हसण्याला इस्त्री नव्हती.

जेवणाच्या वेळी त्याने मला बाजूला घेतलं. फेटा अजून डोक्यावर होता आणि नारळ त्याने एका कुंडीत ठेवला होता. त्याने जे सांगितलं ते जवळपास असं: बाटली मेलेली होती. तुमच्या तज्ज्ञांना ते पहिल्या श्वासात कळलं, मी बघत होतो. किती वेळ ते विचार करत उभे राहिले! पण यजमानाने कौतुक केल्यावर त्याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं नाही. आणि खोटी स्तुतीही केली नाही. नाक पुष्कळांना असतं, असा संयम नसतो. आमच्या घराण्याला असाच माणूस हवा.

मी ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. म्हणजे याला माहीत होतं. दीडशे-दोनशे वर्षांचं घराणं, पानोपानी मिशा, आणि पाहुण्यांच्या घशात सडकं पाणी जात असताना याने ओठ हलवला नाही. आमच्याकडे नासलेलं दूध पाहुण्याच्या चहात जाऊ देणाऱ्या बाईला सात पिढ्या नावं ठेवतात. यांच्याकडे त्याला शिष्टाचार म्हणतात आणि वर नेमणूक देतात. त्या सबंध हिरवळीवर लबाडी न केलेला माणूस एकच, तो म्हणजे मालक. त्यांना खरंच वाटलं की जुनं असंच लागत असेल.

आणि माझा भाऊ? त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. बाकीच्यांना कळत नव्हतं. याला मी कळवलं होतं. एवढी खूण करूनही त्याने नोकरीचा हिशेब मांडला आणि लोकांना पाजली, असं मला वाटलं. बुधवार पेठेतल्या त्या पोराचा हा असा माणूस झाला, याची मला लाज वाटली.

साहेबांनी नेमणूक तिथेच जाहीर केली. टाळ्या झाल्या. भावालाही शाल मिळाली. गृहस्थ म्हणाले, "शेवटी नाक ते नाक." मालकांनी त्याला मिठी मारली.

परत निघालो तेव्हा उतरतं ऊन होतं. गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता, शाल मांडीवर. मी बोलले, आणि भरपूर बोलले. म्हणाले, "तुझ्यापेक्षा तो मेणबत्तीसारखा फ्रेंच परवडला, तो निदान परका आहे. तुला खूण केली होती मी. चष्मा हातात घेऊन आंधळ्यासारखी उभी होते. दिसला नाही तुला?"

"दिसला," तो म्हणाला.

"मग? इतका वेळ ग्लासात तोंड घालून काय ठरवत होतास? सांगू की नको सांगू?"

तो बाहेर बघत म्हणाला, "ठरवत नव्हतो ताई. हुंगत होतो."

मला कळलं नाही.

"तू चष्मा काढलास ना, तेव्हा मला भीती वाटलीच नाही," तो म्हणाला. "आनंद झाला. म्हटलं, चांगला वास नाही येत, पण ही घाण आहे. ही घाण मला हातभर लांबून यायची. आता ग्लासभर समोर आहे. एवढी तरी येईल. मी आत गेलो, काही नाही. पुन्हा गेलो. नेमणूक वगैरे तेव्हा डोक्यातच नव्हती. लोक बघतायत हेसुद्धा विसरलो. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो."

मी त्याच्या मांडीवरची शाल नीट केली.

"खरंच घाण होती?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप."

"कशी होती, सांग."

मी सांगायला लागले. म्हटलं, पाणी शिरून ओसरलेल्या तळघरासारखी. तो म्हणाला, आणखी? म्हटलं, दमट कपाटात घडी घालून ठेवलेल्या स्वेटरसारखी. म्हणाला, आणखी? म्हटलं, कुंडीखालची फरशी उचलल्यावर येते ना, तशी. त्याने डोळे मिटले होते आणि मान माझ्याकडे झुकवली होती. मी थांबले की तो "आणखी?" म्हणायचा. स्वारगेट गेलं, नदी ओलांडली, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्या घाणी मी त्याला एकेक करून सांगत राहिले.